तीन शिट्ट्या, सव्वीस खांब

महाराष्ट्रात शाल विकत घ्यावी लागत नाही. माणसाने नुसता तग धरला की ती आपोआप अंगावर येते. निवृत्ती, साठी, पंचाहत्तरी, सोसायटीचं सेक्रेटरीपद सोडणं, ठरलेला पाहुणा न आल्यामुळे ऐनवेळी वक्ता होणं, यांतलं काहीही घडलं तरी शाल आणि श्रीफळ ठरलेलं. नारळाची दुसऱ्या दिवशी चटणी होते. शालीचं काय करायचं, याचा निर्णय मात्र आपल्याकडे अजून लागलेला नाही. माझे सासरे हेडमास्तर होते. त्यांच्या कपाटाचा वरचा कप्पा उघडला की मरून आणि केशरी शाली एकदम अंगावर येतात. सगळ्यांना सोनेरी काठ, सगळ्या प्लॅस्टिकच्या पिशवीत, आणि एकीलाही माणसाचं अंग लागलेलं नाही. या शाली पांघरायच्या नसतात, पुढच्या सत्काराला पाठवायच्या असतात. एक तर गावभर मान मिळवून पुन्हा आमच्याकडेच परत आली. पिशवीवर सासूबाईंनी घातलेली पेनाची खूण तशीच होती. सासूबाईंनी खुणेपुढे आणखी एक रेघ ओढली आणि तिला पुन्हा रांगेत लावलं.

अशा सुजलाम सुफलाम राज्यात एखादी बाई खुर्चीत बसून, सुईने एकेक फास काढत, स्वतःच्या हातांनी शाल करायला लागली, तर घरच्यांना तिची काळजी वाटणं साहजिक आहे. त्यातून ती शाल जाळीची असेल तर काळजीचं रूपांतर चौकशीत होतं.

“ही भोकं मुद्दाम ठेवलीयत?” नवऱ्याने विचारलं.

त्याची सगळी नोकरी पाण्याच्या पाइपची गळती शोधण्यात गेली. भोक दिसलं की बुजवायचं, हे त्याचं शिक्षण. पैसे देऊन लोकर आणायची आणि मग कष्टाने तिच्यात भोकं पाडायची, हे त्याच्या पचनी पडेना. मी त्याला सांगितलं की ऊब लोकरीत नसते, लोकरीत अडकून पडलेल्या हवेत असते. हवा जागच्या जागी राहिली की अंगातली उष्णता बाहेर जायला वेळ लागतो. जाळीच्या शालीत हवेला बसायला जागा भरपूर, त्यामुळे वजन कमी आणि ऊब बऱ्यापैकी. अडचण एवढीच की वारा सुटला की ती हवा निघून जाते.

“मग वारा आला की काय करायचं?”

“खिडकी लावायची.”

“खिडकी लावायची असेल तर शाल कशाला?” असं म्हणून तो उठून गेला. सेवानिवृत्त अभियंत्याशी भौतिकशास्त्र बोलू नये.

क्रोशा आमच्या घराला नवा नाही. सासूबाईंच्या उमेदीच्या काळात घरातली एकही वस्तू उघडी राहत नसे. रेडिओला झबलं होतं. फ्रिजच्या मुठीला मोजा होता. टेलिफोनला टोपरं होतं, त्यामुळे रिंग वाजली की आधी टोपरं काढा आणि मग रिसीव्हर उचला, तोवर पलीकडचा कंटाळून फोन ठेवी. दुधाच्या पातेल्यावर कडेला मणी ओवलेला रुमाल असे. मणी शोभेचे नव्हेत बरं का, वाऱ्याने रुमाल उडू नये म्हणून वजनाचे. १९७२ साली मुंबई दूरदर्शन सुरू झालं आणि हळूहळू घरोघर टीव्ही आले. टीव्हीला कंपनीचं लाकडी शटर असे, शटरला कुलूप असे, आणि वरून क्रोशाचा रुमाल. रुमालाचं एक टोक पुढे सोडलेलं, बरोबर निवेदिकेच्या कपाळावर येईल असं. कित्येक वर्षं आमच्या घरात हवामानाचा अंदाज लेशीच्या आडूनच ऐकला गेला.

रुखवतात तर क्रोशाशिवाय पान हलत नसे. ताटावरचे रुमाल, तोरण, पाण्याच्या तांब्याचं आवरण, हे सगळं मांडून ठेवायचं आणि मुलीच्या मावशीने सासरच्या मंडळींना सांगायचं, “सगळं मुलीने स्वतः केलंय हो.” बहुतेक वेळा ते मावशीनेच केलेलं असे. म्हणून तर तिला इतक्या बारकाईने सांगता येई.

या सगळ्या विणकामात माणसाच्या वाट्याला मात्र काही आलं नाही. बाळाची कुंची आणि पायमोजे सोडले तर क्रोशाने आपल्याकडे निर्जीव वस्तूंचीच माया केली. रेडिओ उबेत आणि माणसं गारठ्यात. म्हणून मी शाल करायची म्हटल्यावर सासूबाईंनी पहिला प्रश्न विचारला तो असा: “कशावर घालायची?”

दुकानापासूनच खरी परीक्षा सुरू होते. तुळशीबागेच्या बोळात एक दुकान आहे, जिथे दुकानदार गुंड्यांच्या भिंतीत चिणल्यासारखा बसलेला असतो. सुई मागितली की तो नंबर विचारतो, आणि नंबर हा या शास्त्रातला पहिला चकवा. पातळ दोऱ्याच्या स्टीलच्या सुयांमध्ये आकडा मोठा तितकी सुई बारीक. लोकरीच्या ॲल्युमिनियमच्या सुयांवर मिलिमीटर लिहिलेले, तिथे आकडा मोठा तितकी सुई जाड. “चार नंबर द्या” म्हटलं की तो दोन्ही खोक्यांत हात घालतो आणि आपल्या चेहऱ्यावरून अंदाज घेतो.

“काय करायचंय ताई?”

“शाल.”

“मग आठ गुंडे घ्या. उरले तर टोपी होते.”

“आणि कमी पडले तर?”

“तर स्टोल.”

इतकं व्यवहारी तत्त्वज्ञान मी अजून कुठल्या प्रवचनात ऐकलेलं नाही. पण हा माणूस लॉट नंबरच्या बाबतीत मात्र फितूर होतो. गुंड्यावरच्या कागदी पट्टीवर रंगाचा नंबर असतो आणि त्याच्या शेजारी, डोळ्यांत तेल घातलं तरच दिसेल इतक्या बारीक अक्षरात, लॉटचा नंबर. एका वेळी एका कढईत रंगवलेली लोकर म्हणजे एक लॉट. रंग तोच, कढई वेगळी, की छटा किंचित वेगळी. दुकानातल्या ट्यूबलाइटखाली ती दिसत नाही. घरी येऊन, अर्ध्याहून जास्त शाल झाल्यावर, सकाळच्या उन्हात दिसते. “तोच रंग आहे ताई, डोळे झाकून घ्या,” असं तो म्हणतो. त्याच्याकडचा रंग घ्यायचा तर तोच खरा मार्ग आहे.

आणि तिला लोकर म्हणायचं ते आपलं सवयीने. आपल्याकडच्या दुकानांत जिला सगळे लोकर म्हणतात तिचा बहुतेक वेळा मेंढीशी काही संबंध आलेला नसतो. ते ॲक्रिलिक असतं, बरंचसं लुधियानाकडचं. मला त्याचं वावडं नाही. ते टोचत नाही, त्याला कसर लागत नाही, आणि पाहुण्यांच्या मुलांनी सरबत सांडलं तर धुता येतं. खऱ्या मेंढीच्या लोकरीच्या शालीला घरात सुनेपेक्षा जास्त जपावं लागतं.

आता प्रत्यक्ष काम. मानेपासून सुरू होणारी तिकोनी शाल घ्या. चार साखळ्या घालायच्या, त्यांचं कडं करायचं आणि त्या कड्यात खांब उभे करायचे. खांब म्हणजे काय, तर सुईवर दोऱ्याचा एक वेढा घ्या, सुई भोकात घाला, पलीकडचा दोरा पकडून आत ओढा. आता सुईवर तीन फास. दोरा घेऊन पहिल्या दोनांतून काढा, राहिले दोन. पुन्हा दोरा घेऊन त्या दोनांतून काढा, राहिला एक. झाला खांब. तीन खांब, दोन साखळ्या, तीन खांब, की शालीचं मधलं टोक आलं. मग प्रत्येक ओळीला मधल्या टोकाशी आणि दोन्ही कडांना खांब वाढवत जायचं. पहिल्या ओळी चहा उकळेपर्यंत होतात. त्यामुळे माणसाला वाटतं, शाल आठवड्यात हातावेगळी होईल. पण तिकोन हा लबाड आकार आहे. तो दर ओळीला लांबत जातो. शेवटी शेवटी एक ओळ म्हणजे एक अख्खी मालिका, जाहिरातींसकट, आणि मोजमाप घेतलं तर शाल बोटभरच वाढलेली असते.

क्रोशाचा एक गुण मात्र वादातीत आहे. दोन सुयांच्या विणकामात ओळीतले सगळे टाके एकाच वेळी सुईवर जिवंत असतात, एक निसटला तर खालपर्यंत शिडी पडते. क्रोशात जिवंत फास एकच. मागचं सगळं गाठ बसून निवांत झालेलं असतं. त्यामुळे बेल वाजली, दूध उतू गेलं, कुणी “अगं, माझा चष्मा कुठंय” असं ओरडलं, तरी सुई काढायची, फास जरा मोठा ओढून ठेवायचा आणि उठायचं. ज्या कुणी ही विद्या काढली त्यांना संसाराचा अनुभव दांडगा असणार.

त्या एका फासाचा दुसरा अर्थही आहे. दोऱ्याचं टोक धरून ओढलं की सगळं सुरळीत उसवत येतं. नणंदेच्या धाकट्याला हा शोध एका दुपारी लागला. उसवताना टपटप टपटप असा जो नाद येतो तो त्याला फारच आवडला. तो टोक धरून हॉलमधून गॅलरीत गेला, गॅलरीतून आतल्या खोलीत, तिथून आजोबांच्या खुर्चीला प्रदक्षिणा घालून पुन्हा हॉलमध्ये. सासऱ्यांनी पेपरातून डोकं वर काढलं, आपण बांधले गेलो आहोत हे पाहिलं, आणि “छान खेळतोय” म्हणून पान उलटलं.

खरी पंचाईत मोजण्याची. टाके मनात मोजायचे असतात, आणि बाईच्या मनात काही चाललेलं असेल हे आपल्या घरांना मान्यच नाही. हात चालू दिसतात, तोंड बंद दिसतं, म्हणजे ही मोकळी आहे असा सगळ्यांचा समज. त्यातून बाई एका वेळी एकच गोष्ट मोजत नसते. कुकर लावलेला असतो. तीन शिट्ट्या, सव्वीस खांब. सत्तावीस, अठ्ठावीस, ही चौथी शिट्टी की तिसरीच? कुकरकडे लक्ष दिलं तर खांब जातात, खांबांकडे दिलं तर डाळीची पेज होते. आमच्या घरात शालीच्या काळातली आमटी कशी होती त्यावरून कुठली ओळ कठीण गेली हे सांगता येईल.

आणि हे जमवत आणावं तर दारात कुरिअरवाला.

“अगं, ओटीपी सांग.”

मी बोट वर करते. हे बोट म्हणजे ‘थांब, मोजतेय’ अशी आमच्या घरातली खूण. नवरा थांबतो. कुरिअरवाल्याला खूण ठाऊक नसते.

“मॅडम, ओटीपी?”

“एक्केचाळीस, बेचाळीस…”

“चार अंकी असतो मॅडम.”

“चार, एक, चार, दोन का?” नवरा मदतीला धावतो. कुरिअरवाला टाइप करतो. चूक. पुन्हा. चूक. आता सगळे माझ्याकडे पाहतात. शेवटी मोबाइल शोधून ओटीपी सांगितला जातो, खोकं घरात येतं, नवरा दार लावतो आणि खोकं उघडत सहज विचारतो, “कितीपर्यंत आली होतीस?” या प्रश्नाचं उत्तर जगात कुणाकडेच नसतं. पुन्हा एकपासून.

शिकवणाऱ्यांची आता ददात नाही. पूर्वी शेजारच्या काकूंकडे जाऊन बसावं लागे आणि त्या विणीबरोबर त्यांच्या सुनेबद्दलही शिकवत. आता यूट्यूबवर नुसते हात येतात. रशियन हात, ब्राझीलमधले हात, तुर्की हात. नखं रंगवलेली, बोटांत अंगठ्या, आणि चेहरा कधीच नाही. या हातांशी माझी चांगली ओळख झाली आहे. रस्त्यात भेटल्या तर मी त्यांना मनगटावरून ओळखीन. भाषेची गरजही पडत नाही, कारण नमुन्याचा तक्ता चिन्हांचा असतो: टिंब म्हणजे घसरता टाका, लंबगोल म्हणजे साखळी, तिरकी रेघ मारलेला टी म्हणजे खांब. जाळीच्या शालीचा तक्ता पाहिला की ठिपक्यांची रांगोळीच वाटते. सासूबाई जपानी पुस्तकातला तक्ता उलटा धरूनसुद्धा बिनचूक वाचतात. लिहिलेल्या इंग्रजी कृतीत मात्र एक सुरुंग पेरलेला आहे. अमेरिकेत ज्या टाक्याला सिंगल क्रोशे म्हणतात त्याला ब्रिटनमध्ये डबल म्हणतात, आणि अमेरिकन डबल म्हणजे ब्रिटिश ट्रेबल. कृती कुठल्या देशातली हे न बघता सुरू केलं तर शालीच्या जागी रुमाल होतो, नाहीतर चादर.

नावांची आणखी एक गंमत. जाळीच्या शालींमध्ये एक अतिशय लोकप्रिय नमुना आहे, त्याचं नाव व्हायरस शाल. कोरोनाच्या आधीचं आहे बरं हे नाव. एकीने केली की तिच्या दहा मैत्रिणींना लागण होते म्हणून व्हायरस. २०२० साली सगळं जग हात धुवत असताना आमच्या ओळखीतल्या एका वहिनींनी फोनवर उत्साहाने सांगितलं, “मी कालपासून व्हायरस घेऊन बसलेय, मुलीलाही दिला.” पलीकडच्यांनी फोन ठेवून थेट सोसायटीच्या चेअरमनना कळवलं.

आता थोडं गणित. खांब योग्य प्रमाणात वाढवले तर शाल सपाट बसते. कमी वाढवले तर तिची वाटी होते. जास्त वाढवले तर कडेला झालर येते, आणि तशीच वाढवत राहिलं तर कपडा स्वतःच्याच अंगावर दुमडू लागतो. घरचे त्याला ‘बिघडलं’ म्हणतात. पण अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठातल्या दाइना ताइमिन्या या लाटवियन गणितज्ञ बाईंनी १९९७ मध्ये नेमकं हेच मुद्दाम केलं. अयुक्लिडीय भूमितीच्या एका प्रकारातलं प्रतल, जिथे एका बिंदूतून दिलेल्या रेषेला एकाहून अधिक समांतर रेषा काढता येतात, ते विद्यार्थ्यांना हातात घेऊन दाखवायचं कसं, हा प्रश्न होता. कागदाचे नमुने फाटत. बाईंनी क्रोशा घेतला आणि दर ओळीला ठरलेल्या प्रमाणात टाके वाढवत गेल्या. झालं प्रतल तयार, आणि वापरायला दणकट. त्यावर त्यांनी लिहिलेल्या पुस्तकाला वर्षातल्या सर्वात विचित्र शीर्षकाचं बक्षीसही मिळालं. तेव्हापासून आमच्या घरात कुणी झालरीकडे बोट दाखवलं की मी शांतपणे म्हणते, “हे अयुक्लिडीय आहे.” नवरा गप्प होतो. सासूबाई मात्र होत नाहीत. त्या म्हणतात, “असू दे. पण उसव.”

या सगळ्या कामाला आजूबाजूचे लोक एकच नाव देतात: टाइमपास. “बरं आहे बाई, तुझा वेळ जातो.” जणू माझ्याकडे वेळ पोत्यांनी येऊन पडलाय आणि तो घालवायला मी सुई घेतली आहे. आंध्रातल्या नरसापूर भागात बायका पिढ्यानपिढ्या क्रोशाची लेस करतात आणि ती परदेशात जाते. मारिया मीस नावाच्या जर्मन समाजशास्त्रज्ञ बाईंनी त्यांच्यावर १९८२ साली एक पुस्तक लिहिलं. घरकाम सांभाळून या बायका दिवसाचे सहा-सहा, आठ-आठ तास लेस करत, तिच्यावर व्यापारी गब्बर होत, आणि हिशेबात या सगळ्याजणी ‘गृहिणी’, फावल्या वेळात काहीतरी विणणाऱ्या. आयर्लंडमध्ये १८४५ नंतर बटाट्याचं पीक कुजून दुष्काळ पडला तेव्हा क्रोशाच्या लेशीने कितीतरी घरांच्या चुली पेटत्या ठेवल्या. तिथेही कुणीतरी म्हणालंच असेल, बरं आहे, वेळ जातो.

वेळ न जाता काम झालं अशी बाई इतिहासात बहुधा एकच, ती म्हणजे इंग्लंडची व्हिक्टोरिया राणी. बोअर युद्धाच्या वेळी, १९०० साली, वयाच्या ऐंशीच्या घरात तिने सैनिकांसाठी खाकी लोकरीचे आठ मफलर क्रोशाने विणले, त्यांवर आपली आद्याक्षरं घातली, आणि ते शौर्याबद्दल निवडक जवानांना दिले गेले. तिला कुणी “केवढ्याला पडला?” असं विचारल्याची नोंद नाही. “लक्ष्मी रोडला दोनशेला मिळतो असा” हेही कुणी म्हणालं नाही. साम्राज्य असल्याचा हा खरा फायदा.

साम्राज्य नसेल तर संख्याबळ हवं. ३१ जानेवारी २०१६ रोजी चेन्नईत ‘मदर इंडियाज क्रोशे क्वीन्स’ या गटातल्या देशभरच्या बायकांनी तुकडे जोडून ११,१४८.५ चौरस मीटरचं क्रोशाचं पांघरूण मांडलं आणि गिनीज बुकात विक्रम नोंदवला. आपल्या हिशेबाने पावणेतीन एकर. बागायती असती तर सातबारा निघाला असता. मला त्या विक्रमाचं कौतुक आहेच, पण रात्री दिवा मालवल्यावर मनात वेगळंच येतं: त्या पावणेतीन एकरांतली दोऱ्यांची लोंबती टोकं कुणी लपवली असतील? गुंडा संपला, रंग बदलला की एक टोक सुटतं, आणि ते दाभणाने टाक्यांच्या पोटातून ओवून दडवावं लागतं. या कामाला ना गाणी सुचतात ना गप्पा. विणकाम ही हौस आहे, टोकं लपवणं ही शिक्षा. पुष्कळ शाली याच टप्प्यावर, शेपट्या लोंबत असलेल्या अवस्थेत, पिशवीत कायमच्या मुक्कामाला जातात.

टोकंही लपवून झाली की शाल हातात येते ती अगदी केविलवाणी. चुरगळलेली, आक्रसलेली, नक्षी कुठे दिसत नाही. घरातले सगळे तिच्याकडे बघतात आणि मग माझ्याकडे बघतात. इथे शेवटचा संस्कार असतो. शाल कोमट पाण्यात भिजवायची, न पिळता टॉवेलमध्ये गुंडाळून दाबायची, आणि मग सपाट जागेवर चारी बाजूंनी ताणून, टोकाटोकाला टाचणी मारून वाळू द्यायची. खरी लोकर असेल तर ती या ताणाने वळण घेते आणि तसंच ठेवते. ॲक्रिलिक ऐकत नाही, त्याला इस्त्रीची वाफ लांबून द्यावी लागते. इस्त्री टेकली तर शाल तिथेच वितळून गळून पडते.

आता पुण्यातल्या दोन बेडरूमच्या घरात दीड-पावणेदोन मीटर लांबीची सपाट, मऊ, टाचण्या घुसतील अशी जागा एकच. पलंग.

“आज मी कुठे झोपायचं?”

“आज सोफ्यावर. वाळली की उचलते.”

“केव्हा वाळेल?”

“हवेवर आहे.”

“भोकं आहेत ना, मग लवकर वाळायला हवी,” तो म्हणाला. निवृत्तीनंतर पहिल्यांदाच त्याला त्या भोकांचा उपयोग पटला होता. पंखा पाचवर लावून तो सोफ्यावर गेला. मी एकेक टोक ओढत, टाचणी मारत पलंगाभोवती फिरत राहिले. ओढता ओढता खांबांमधल्या साखळ्या ताठ होत गेल्या, शिंपल्याच्या कमानी सुट्या झाल्या आणि कडेच्या टोकांची रांग सरळ उभी राहिली. नक्षी होतीच आत, तिला जागा नव्हती. सासूबाई दारात उभ्या राहून बघत होत्या. त्यांनी पदराच्या टोकाने चष्मा पुसला, पुढे येऊन एक टाचणी काढली आणि अर्ध्या बोटाने अलीकडे मारली. “आता समान झालं,” म्हणाल्या. त्या टाचण्यांतली एक पुढे नवऱ्याला सापडली. कुठे ते त्याने सांगितलं नाही, पण आवाज शेजारपर्यंत गेला.

शाल झाली, पण थंडी? आपल्याकडची थंडी म्हणजे पाहुणीच. स्वेटर काढून उन्हं दाखवेपर्यंत ती निघालेली असते. मुंबईत तर तेवढंही नाही. मराठी माणसाला बारमाही गारठा मिळतो तो एसीत: थिएटरात, बँकेत, आणि सगळ्यात जास्त पुणे-मुंबई एसी बसमध्ये. डोक्यावरची ती गार हवेची जाळी कुठल्याही बाजूला फिरवा, हवा मानेवरच येते. शालीची पहिली स्वारी तिथेच झाली. सासूबाईंना भाचीकडे दादरला जायचं होतं. लोणावळ्याच्या आतच त्यांनी “काय मेलं हे” म्हणत शाल मागून घेतली आणि खांद्यावरून ओढली. कशावर घालायची, हा प्रश्न असा सुटला.

पलीकडच्या सीटवरच्या बाई केव्हापासून बघत होत्या. शेवटी त्यांनी हात लांब करून काठ चिमटीत धरलाच.

“किती सुरेख आहे हो! कुठे घेतलीत?”

“घेतली नाही, सुनेने केलीय,” सासूबाई म्हणाल्या. आवाजात थेट मुलीच्या मावशीचा सूर. मी खिडकीबाहेर बघू लागले, पण कान आतच होते.

“हाताने? अगं बाई! किती दिवस लागले?”

“छे, दिवस कसले. बसल्या बसल्या झाली.”

बाई आता माझ्याकडे वळल्या. क्रोशा करणाऱ्या प्रत्येकीला पुढचं वाक्य पाठ आहे. ते कुठे, कधी येईल एवढंच ठरलेलं नसतं.

“मला एक करून द्या ना अशीच. लोकर मी आणून देते.”

मी बोट वर केलं. पण इथे ती खूण कुणालाच ठाऊक नव्हती.

“घाई नाही हो,” बाई म्हणाल्या, “पुढच्या रविवारी नातीचं बारसं आहे, त्याच्या आधी झाली तर बरं. आणि भोकं जरा कमी ठेवा.”

“देईल की,” सासूबाईंनी शाल आणखी लपेटून घेत परस्पर सांगून टाकलं, “नाहीतरी घरी बसलेलीच असते.”